छाट: चूलबंदकाठच्या एका बिडी कामगार बाईने लढवलेलं प्रकरण

संध्याकाळी पाचच्या सुमारास सट्टेदाराच्या, म्हणजे कंपनीसाठी पान-तंबाखू वाटून बिड्या वळून घेणाऱ्या ठेकेदाराच्या, ओसरीवर बायांची रांग लागायची. प्रत्येकीच्या सुपात, नाहीतर पदराखालच्या टोपलीत, दिवसभर वळलेल्या बिड्या. पंचवीस बिड्यांचा एक कट्टा, असे चाळीस कट्टे झाले की हजार. मुनीम एकेक कट्टा उचलायचा, अंगठ्याने दाबायचा, तोंडाकडून बघायचा. एखादी बिडी सैल लागली किंवा टोक नीट मोडलेलं नसलं, की अख्खा कट्टा डाव्या हाताच्या टोपलीत टाकायचा. ही छाट. छाटीची मजुरी नाही, आणि छाट परतही मिळत नाही. टोपली भरली की मुनीम ती उचलून आत न्यायचा. आत तिचं काय होतं हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. तीच बिडी पुन्हा कट्ट्यात बांधली जाई आणि बाजारात विकली जाई.

1999 साली गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्याच्या दोन-तीन वर्षं आधीची ही गोष्ट. भंडारा जिल्ह्यातल्या साकोली-लाखनीच्या पट्ट्यात, चूलबंद नदीच्या अलीकडे आमचं गाव. धानाच्या बांध्या, एक मामा (माजी मालगुजारी) तलाव आणि बिडी. माझी आई बिड्या वळायची. मी बारावी होऊन घरी होतो, अक्षर बरं होतं, म्हणून या प्रकरणातलं सगळं लिखाण माझ्याकडे आलं. ज्या बाईने हे प्रकरण उभं केलं तिला अख्खं गाव 'मोठी माय' म्हणायचं. इथेही तेच नाव ठेवतो. ती आता नाही, आणि तिच्या लेकरांना तिचं नाव असं छापलेलं आवडेल की नाही, मला सांगता येत नाही.

हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण कामगार पुढारी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मोर्चा, झेंडा आणि माईक येतो. मोठी मायने माईक हातात धरलेला मी दोनदाच पाहिला. तिची खरी लढाई एका शंभरपानी वहीत झाली.

आधी तिच्याविषयी. तिचा जन्म बिडी वळणाऱ्या घरातला. आठव्या वर्षी तिच्या मांडीवर सूप आलं, चौथीनंतर शाळा सुटली. वडील बिडी कामगार, आणि दर जानेवारीत कामठीला जाणारे. कामठीचे बाबू हरदास एल. एन. त्यांचं दैवत. 1904 साली जन्मलेले हरदास बाबासाहेबांच्या चळवळीतले. 1937 साली ते स्वतंत्र मजूर पक्षाकडून मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळात निवडून आले आणि 12 जानेवारी 1939 रोजी, वयाच्या पस्तिशीतच गेले. 'जय भीम' हे अभिवादन रूढ करण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं, हे पुष्कळांना माहीत असतं. त्यांनी बिडी मजुरांचा संघ काढला आणि मधल्या ठेकेदाराला बाजूला सारून सहकारी पद्धतीने बिडीचं काम चालवायचा प्रयत्न केला, हे मात्र कमी लोक सांगतात. मोठी माय ते लहानपणापासून ऐकत आली होती. सट्टेदार म्हणजे देवाने नेमलेला माणूस नाही, त्याच्याशिवायही बिडी विकली जाऊ शकते, असा विचार कुणीतरी आपल्याच माणसाने साठ वर्षांपूर्वी केला होता, ही जाणीव तिला घरातूनच मिळालेली. आमच्या आयांना ती नव्हती.

लग्न होऊन ती आमच्या गावात आली. नवरा राईस मिलमध्ये हमाल होता, तो लवकर गेला. तीन लेकरं, कवेलूचं घर आणि दिवसाला आठशे-हजार बिड्या. गोंदियाला बिडी कामगारांचं एक शिबिर झालं होतं. तिथे मिळालेलं कायद्याचं मराठी पत्रक तिने इतक्या वेळा वाचलं की घड्यांवर ते फाटलं आणि तिने भाताच्या पेजेने चिकटवलं. ते पत्रक मी हाताळलं आहे.

त्यात काय होतं ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं राहिलं. बिडी व सिगार कामगारांचा कायदा 1966 सालचा; 2025 साली त्याची जागा नव्या कामगार संहितांनी घेतली. सट्टेदाराकडून पान-तंबाखू घेऊन घरी बिड्या वळणारी बाईही त्या कायद्याने कामगारच होती. मालकाने मध्ये सट्टेदार ठेवला म्हणून त्याची जबाबदारी सुटत नव्हती. वीस दिवसांच्या कामामागे एक दिवसाची पगारी रजा होती. बाळंतपणाचे हक्क होते. मालक मंडळी या कायद्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली, तेव्हा 1974 साली न्यायालयाने कायदा उचलून धरला. भविष्य निर्वाह निधी (पीएफ) बिडी धंद्याला 1977 साली लागू झाला, आणि घरी काम करणाऱ्या बायाही त्यात येतात हे 1985 साली त्याच न्यायालयाने सांगितलं. छाटीचंही लिहिलेलं होतं. महाराष्ट्राच्या नियमांत तिला शेकडा पाचाची मर्यादा होती आणि बाईने मुद्दाम हलगर्जी केलेली नसेल तर छाटलेल्या बिडीचीही निम्मी मजुरी द्यायची होती.

आमच्या गावात यातलं काहीच होत नव्हतं. एक्केचाळीस बाया या एका सट्टेदाराकडे होत्या. त्यांतल्या नऊ जणींकडे ओळखपत्र होतं.

वही

लोक सुरुवातीला मोठी मायला म्हणाले, चाल, तहसीलवर मोर्चा नेऊ. ती नाही म्हणाली. "तिथं साहेब विचारल, किती छाट काढते? आपन म्हनू, लय काढते. साहेब म्हनल, लय म्हंजे किती? मंग?"

मंग माझी वही आली. रोज संध्याकाळी सट्टेदाराकडून परतताना बाया तिच्या पडवीत थांबत. पान किती मिळालं, बिड्या किती दिल्या, छाट किती गेली, कमी पडलेलं पान दुकानातून किती रुपयांचं आणलं, असे चार रकाने. कंदिलाखाली बसून मी लिहायचो. मोठी माय बाजूला सूप मांडीवर घेऊन बसलेली असायची आणि हात थांबत नसत. पत्र्याच्या फर्म्यावर पान ठेवायचं, कात्रीने कापायचं, चिमूटभर जर्दा पसरायचा, बोटांत वळायचं, टोक मोडायचं, सुताचे दोन फेरे. डोळे माझ्या वहीवर आणि बोटं आपली आपण चाललेली. एखादी बाई अंदाजाने आकडा सांगायला लागली की ती लगेच म्हणे, "असन-बिसन नाई चालत बाई. मोजलं का नाई?" ज्यांना मोजता येत नव्हतं त्यांच्यासाठी तिने सुताला गाठी मारायची रीत काढली. छाटलेल्या दर कट्ट्याला एक गाठ.

सहा आठवडे हे चाललं. माझ्या आईचा एक आठवडा नमुन्यादाखल देतो, कारण तो मला पाठ आहे: बिड्या दिल्या 5,000, छाट 625. नियमाने ती फार तर 250 असायला हवी होती. म्हणजे त्या आठवड्यात आईने 375 बिड्या कायद्याविरुद्ध फुकट दिल्या, आणि मजुरीच्या सवाशे रुपयांतले काही रुपये कमी पडलेल्या पानावर घातले ते वेगळेच. पान तोलून द्यायचे, पण पाणी शिंपडून. घरी आणून ते वाळलं की हजार बिड्यांचं पान सात-आठशेलाच पुरायचं. आणि हजार भरल्या नाहीत तर मुनीम म्हणायचा, तंबाखू चोरला.

आकडे जमल्यावर जे दिसलं ते आमच्यापैकी कुणालाच आधी दिसलेलं नव्हतं. मला वाटलं होतं, ज्यांचा हात कच्चा त्यांची छाट जास्त असेल. तसं नव्हतं. एका आठवड्यात दोघी जणींनी मुनिमाला पीएफचं विचारलं. पुढच्या आठवड्यात त्या दोघींची छाट जवळपास दुप्पट झाली. त्यातल्या एकीचा हात गावात सगळ्यांत चांगला मानला जाई. आणि ज्या दिवशी मालाची गाडी यायची असायची, माल कमी पडत असायचा, त्याच्या आदल्या दोन दिवसांत सगळ्यांचीच छाट उतरायची. मोठी माय वहीचं ते पान बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हे बिडीची छाट नाई रे बाबू. हे बाईची छाट हाये."

रोवण्याचे दिवस

माझ्या मते तिची सगळ्यांत मोठी हुशारी काम बंद करण्याचा मुहूर्त निवडण्यात होती. वही वैशाखात तयार झाली होती. तरण्या बाया म्हणत होत्या, आताच बंद करू. ती दीड महिना थांबली. उन्हाळ्यात गावात दुसरं काम नसतं. तेंदूपानाचा हंगाम संपला की घरात येणारा पैसा बिडीचाच. तेव्हा काम थांबवलं असतं तर आठव्या दिवशी बाया सट्टेदाराच्या दारात उभ्या राहिल्या असत्या, आणि त्यात त्यांचा काही दोष नसता.

आषाढात पाऊस लागला, चिखलणी झाली, रोवणा म्हणजे धानाची लावणी सुरू झाली. आता बाईला रोजी मिळत होती, तीही रोखीने. शिवाय पावसाळी हवेत उघडलेल्या बोदातल्या (पोत्यातल्या) पानाला बुरशी धरते, ते फार दिवस ठेवता येत नाही. सट्टेदाराने कंपनीकडून उचललेलं पान ओसरीत पडून होतं. ज्याला घाई असते तो वाकतो, आणि त्या पंधरवड्यात घाई त्याला होती.

एका सोमवारी बाया नेहमीप्रमाणे बिड्या घेऊन गेल्या. मुनिमाने पहिला कट्टा टोपलीत टाकला, तेव्हा मोठी माय पुढे झाली आणि म्हणाली, "बिडी खराब हाये ना? मंग आमच्या देखत मोडा."

एवढीच मागणी. मला आजही वाटतं, याहून नेमकी मागणी मी कुठल्या निवेदनात वाचलेली नाही. बिडी खरोखर निकामी असेल तर ती मोडायला कुणाची हरकत असणार? आणि मोडायची नसेल तर ती निकामी नाही, तिची मजुरी द्या. मुनीम हसला, मग चिडला, मग आत जाऊन सट्टेदाराला घेऊन आला. सट्टेदार म्हणाला, माल माझा, मोडायचा की ठेवायचा मी ठरवीन. मोठी मायने विचारलं, "तुमचा कसा? मजुरी देल्ली का त्याची?" एक्केचाळीस बाया सुपं उचलून परत आल्या. दुसऱ्या दिवशी पान घ्यायला कुणी गेलं नाही.

सट्टेदाराने तीन गोष्टी केल्या. पहिली, ढिवर आणि कोहळी जातींच्या बायांच्या घरी जाऊन सांगितलं, हे बौद्ध मोहल्ल्याचं भांडण आहे, तुम्ही कशाला पडता. ही चाल मोठी मायने आधीच ओळखली होती. म्हणून अर्जावर पहिला अंगठा तिने एका ढिवर म्हातारीचा घेतला होता, आणि बोलणीलाही तीच म्हातारी पुढे बसायची. दुसरी, त्याने छापील कागद आणले. त्यांवर लिहिलं होतं की आम्ही पान विकत घेतो आणि बिड्या विकतो. त्यावर अंगठा दिला असता तर कागदावर आम्ही कामगारच उरलो नसतो, व्यापारी झालो असतो. बिडी धंद्यात ही खरेदी-विक्रीची युक्ती फार जुनी आहे आणि तिने पुष्कळ गावांतली लढाई सुरू होण्याआधीच संपवली आहे. तीन बायांनी अंगठे देऊनही टाकले होते. मोठी माय रात्री त्यांच्या घरी गेली, रागावली नाही, आणि "आम्हाला वाचून दाखवलं नव्हतं" असा अर्ज दुसऱ्याच दिवशी माझ्याकडून लिहून घेतला. तिसरी गोष्ट धमकीची. ती लिहीत नाही.

पान, छाट आणि छाटीची मजुरी यांवरचा वाद सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे नेता येतो, अशी तरतूद त्याच कायद्यात होती. आमचा अर्ज वहीच्या नकलेसह गेला. पहिल्या दोन तारखांना सट्टेदार आलाच नाही. तिसऱ्या तारखेला कंपनीचा माणूस आला आणि म्हणाला, या बायांचा आमचा संबंध नाही. अधिकाऱ्याने मोठी मायला विचारलं, पुरावा काय? तिने पिशवीतून कंपनीच्या शिक्क्याची कागदी वेष्टणं काढली. ती तिने वर्षभर जमवली होती, लेबलं लावायच्या कामाला जाणाऱ्या पोरींकडून, एकेक करून. मग वही पुढे सरकवली. त्या माणसाने वही चाळली आणि पहिल्यांदा त्याचा आवाज खाली आला.

काम बंद ठेवल्याच्या सतराव्या दिवशी तडजोड झाली. छाट शेकडा पाचावर जाणार नाही, छाटलेली बिडी बाईसमोर मोडायची, पान कोरडं तोलायचं, प्रत्येकीला नोंदीची पुस्तिका आणि पीएफचा नंबर मिळायचा. पहिल्या दिवशी मुनीम एकेक बिडी मोडत बसला होता आणि बाया रांगेत गप्प उभ्या होत्या. कुणी हसलं नाही, टाळ्या नाहीत. माझ्या आईच्या हजार बिड्यांत त्या दिवशी अकरा मोडल्या.

जे हातून निसटलं

इथे थांबलो असतो तर ही विजयाची गोष्ट झाली असती. पण प्रकरण पुढे चाललं.

तडजोड सव्वा वर्ष टिकली. त्यानंतर कंपनीने आमच्या गावाला पान देणं हळूहळू कमी केलं आणि नाल्यापलीकडे नऊ किलोमीटरवरच्या गावात नवा सट्टेदार नेमला. तिथल्या बायांना ना वही माहीत होती ना नियम. तिथे छाट जुन्याच दराने सुरू झाली. आमच्या एक्केचाळीसपैकी बारा जणींना काम उरलं. बाकीच्या नागपूरकडे वीटभट्टीवर, कुणी रोजगार हमीवर, कुणी कायमच्या शेतमजुरीला. बिडीला यंत्र लागत नाही, इमारत लागत नाही. सूप आणि कात्री बाईचीच असते. गिरणी उचलून दुसऱ्या गावात नेता येत नाही, पण बिडीचं केंद्र एका रात्रीत नेता येतं.

गावात काही लोकांनी तिला दोष दिला. तिने भांडण काढलं नसतं तर काम गेलं नसतं, असं माझ्या स्वतःच्या आईनेही एकदा रागाच्या भरात म्हटलं. मोठी माय ऐकून घेत असे. मला वाटतं दोष लढण्यात नव्हता, लढाई एकाच गावाच्या शिवेत ठेवण्यात होता. वैशाख ते आषाढ आमच्याकडे जो दीड महिना होता, त्यात आजूबाजूची पाच-सहा गावं फिरून तीच वही तिथेही सुरू करता आली असती. मग कंपनीला नाल्यापलीकडे जाऊन उपयोग झाला नसता. हरदासांनी कामठीत बसून भंडारा, रामटेक, चांद्यापर्यंत (आजचं चंद्रपूर) संघ का पसरवला, याचं उत्तर मला त्या वर्षी समजलं. तिलाही समजलं होतं. शेवटची काही वर्षं ती पायी आणि एसटीने त्याच नाल्यापलीकडच्या गावांत जात राहिली, पण तोवर गुडघे गेले होते आणि तंबाखूच्या धुळीने छाती भरली होती. दुसरी चूक मी माझ्याकडेही घेतो. सगळं तिच्या डोक्यात आणि माझ्या वहीत होतं. एकाही तरण्या बाईला आम्ही ते शिकवलं नाही.

पीएफचं मात्र टिकलं, तेही तिच्या चिकाटीने. सट्टेदार बदलला की नवा नंबर, जुना नंबर हरवलेला. कुणाचं नाव माहेरचं, कुणाचं सासरचं, कुणाच्या वयात दहा वर्षांचा फरक. तिच्या पडवीतली संध्याकाळ आता या अर्जांची झाली. तिच्या स्वतःच्या कार्डावर नवऱ्याचं नाव चुकलं होतं. ते दुरुस्त करायचं ती दर वेळी पुढे ढकलत गेली आणि तिच्या हयातीत ते झालं नाही. तिच्या लेकीने नंतर आठ महिने खेटे घालून तो पैसा मिळवला.

त्या वह्या माझ्याकडे आहेत, एकूण चार. गेल्या पावसाळ्यात बासष्ट वर्षांची एक बाई माझ्याकडे आली. एक्केचाळीसमधलीच, आता लेकाकडे तुमसरला राहते. पेन्शनसाठी दहा वर्षांची नोकरी लागते, आणि तिच्या हाती असलेल्या नंबरावर आठच वर्षं भरत होती. नाल्यापलीकडच्या सट्टेदाराकडे तिने तीन वर्षं काम केलं होतं, पण त्याचा नंबर कुठल्या नावाने होता ते तिला आठवेना. चौथ्या वहीच्या शेवटी मोठी मायच्या सांगण्यावरून मी नव्या केंद्राच्या नोंदी लिहिल्या होत्या. त्यात तो सट्टेदार, त्याच्या बायकोच्या नावावरचं लायसन आणि बारा बायांचे नंबर सापडले. तिचा सातवा. दोन्ही नंबर जोडण्याचा अर्ज आम्ही तिथेच बसून भरला. तिने सही केली. पूर्वी ती अंगठा द्यायची. मग पानाची झेरॉक्स घडी घालून पिशवीत ठेवली आणि चारची बस होती म्हणून उठली.